वरनं पडायचं, खाली निघायचं

मालकीणबाईंनी मला पोहायला शिकवलं, आणि मी आयुष्यात एकदाच बुडायच्या बेतात आले तीही त्यांच्याचमुळे. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की यातलं आधी कुठलं सांगायचं ते मला ठरवावं लागतं. ऐकणाऱ्याला वेळ असेल तर मी दोन्ही सांगते.

नव्वदच्या दशकात मला बढती मिळाली आणि सांगलीहून साताऱ्याच्या शाखेत बदली झाली. नवरा आणि मुलगी सांगलीतच राहिले. सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी साताऱ्याला यायची आणि शनिवारी बँक सुटली की परत जायची. मधल्या दिवसांपुरती खोली पाहिजे होती, ती स्टँडच्या मागच्या गल्लीत मिळाली. स्लॅबचं दोन मजली घर. खाली मालकीणबाई, वर मी. त्यांचा नवरा लष्करात हवालदार होता. निवृत्त होऊन घर बांधलं आणि घरात राहायला आल्यावर लवकरच गेला.

मालकीणबाई तेव्हा साठीच्या घरात होत्या. सडसडीत, काळ्या, नऊवारी नेसणाऱ्या. सपाट रस्त्यावरसुद्धा चढ असल्यासारख्या पुढे वाकून चालायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "नळाला पाणी किती वाजता येतं?"

"आलं की कळंल."

"आणि वरच्या गच्चीची किल्ली कुणाकडे असते?"

"तू लय इचारतीस गं," त्या म्हणाल्या. "बँकेत असतीस म्हणून व्हय?"

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी 'बँकवाली' झाले.

मालकीणबाई कुणालाही काहीही विचारत नसत. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. आमच्या शाखेत पेन्शन घ्यायला यायच्या तेव्हा काउंटरवर चौकशी न करता भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, दुसरे पेन्शनर काय करतात ते पाहायच्या आणि तेच करायच्या. एकदा पुढच्या माणसाला डिमांड ड्राफ्ट काढायचा होता, तर याही त्याच्या मागोमाग ड्राफ्टच्या रांगेत. मी आतून हाक मारली म्हणून बरं. स्टँडवरची चौकशीची खिडकी तर त्यांच्या लेखी मूर्खांसाठी बांधलेली होती. "इचारलं की आपुन गिऱ्हाईक झालो," त्या म्हणायच्या. "मग त्यो सांगंल तो भाव."

त्याचाच दुसरा भाग म्हणजे सगळे जिथे उतरतात तिथे उतरायचं नाही. एसटी स्टँडात शिरायच्या आधी त्या कंडक्टरला घंटी मारायला लावायच्या आणि रस्त्यातच उतरायच्या. उभ्या असलेल्या सगळ्या रिक्षा ओलांडून पुढे जायच्या आणि चालत्या रिक्षेला हात करायच्या. भाजी मंडईच्या दारात घ्यायच्या नाहीत. मेढ्याकडून येणारी माणसं नाक्यावर टोपल्या उतरवतात तिथे जाऊन उभ्या राहायच्या. मधला माणूस त्यांना सहन व्हायचा नाही.

हे खूळ कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता. "आमचं पयलं पोरगं आजारी पडलं तवा ह्यांनी रजा इचारली. सायबानं वरच्याला इचारली. त्यानं आनखी वरच्याला. रजा मिळाली, तवर पोरगं गेल्यालं." त्यांनी एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "तवापास्नं आमी इचारत न्हाई. जा, वर मोटार चालू हाय, बंद कर. टाकी वाहील."

मी जाऊन मोटार बंद केली. पुन्हा तो विषय कधी निघाला नाही.

पण अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच राहायचं. एका नागपंचमीला त्या मला शिराळ्याला घेऊन गेल्या. त्या काळी तिथे जिवंत नागांची मिरवणूक निघायची आणि गावात पाय ठेवायला जागा नसायची. आमची बस गर्दीत हळूहळू सरकत होती. गाव बरंच लांब असताना मालकीणबाईंनी मला खाली उतरवलं आणि शेताच्या बांधावरून चालायला लागल्या. पायात चिखल, दोन्ही बाजूंना भाताचं पाणी. बांध वळला तिथे चार-पाच माणसं तोंडाला फडकं बांधलेली मडकी घेऊन बसली होती. त्यातलं एक मडकं रिकामं होतं. त्यातला नाग आमच्या पुढ्यात, बांधाच्या मधोमध, फणा काढून उभा.

मालकीणबाईंनी माझं मनगट धरलं. "हलू नगंस."

"आवं आत्याबाई, इकडनं कुटं आला?" एक माणूस उठत म्हणाला. "उबं ऱ्हावा. नुसतं उबं ऱ्हावा."

तो शांतपणे वाकला, हात डावी-उजवीकडे हलवत त्यानं नागाचं लक्ष स्वतःकडे ओढलं आणि त्याला मडक्यात घातलं. मला तो सगळा वेळ फार मोठा वाटला. पुढे त्याच माणसानं आम्हाला आपल्या घराच्या माळवदावर नेलं, चहा दिला, आणि आम्ही अख्खी मिरवणूक वरून पाहिली.

"बघ," मालकीणबाई म्हणाल्या. "स्टँडवर उतरलो असतो तर लोकांच्या पाठी बघून माघारी आलो असतो."

"आणि नाग चावला असता तर?"

"चावला का?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यांच्याशी वाद घालताना गाडी नेहमी इथेच येऊन थांबायची.

पोहणंही असंच झालं. मी सांगलीची, कृष्णेच्या काठची. आमच्या घरातले सगळे भाऊ नदीत पोहायचे. आम्ही मुली घाटावर त्यांचे कपडे सांभाळायचो. हे मी एकदा सहज बोलले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मालकीणबाई माझ्या दाराशी. हातात वाळलेला भोपळा आणि सुंभाची दोरी.

"चल माहुलीला. बँकंच्या आत माघारी यू."

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. घाटाच्या वरच्या अंगाला एक निवांत जागा होती, तिथे त्या रोज पोहायच्या. त्यांनी नऊवारीचा काष्टा वर ओढून खोचला तेव्हा मला दिसलं की खाली त्यांनी नवऱ्याची लष्करातली खाकी अर्धी चड्डी घातली आहे. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"सरकारनं दिल्याली हाय. बायकूनं घालू नगं असं कुटं लिवलंय?"

भोपळा माझ्या कमरेला पाठीमागून बांधायचा आणि मला पाण्यात सोडायचं, असे बरेच दिवस गेले. त्यांचा धडा एकच होता. "पान्याशी उलटं भांडायचं न्हाई. दमून मरशील. पानी नेतंय तिकडं जायाचं आनी हळूहळू आडवं सरकायचं. वरनं पडायचं, खाली निघायचं." आम्ही वरच्या बाजूला पाण्यात शिरायचो, प्रवाह आम्हाला खाली आणायचा, तिरकं तिरकं कापत आम्ही घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांना लागायचो, आणि ओल्या कपड्यांनी चालत पुन्हा वर जायचो. माहेरी वाळव्याकडे त्या असंच शिकल्या होत्या, त्यांची आईही असंच.

एके दिवशी मधल्या पाण्यात मला अंग हलकं वाटलं. पुढे पाहिलं तर माझा भोपळा एकटाच डुलत चालला होता. मागून मालकीणबाईंनी गाठ सोडली होती. मी किंचाळले, पाणी प्याले, हातपाय झाडले आणि कशीबशी पायरीला लागले. काठावर बसून मी खोकत होते.

"सांगायचं तरी होतंत!"

"बुडलीस का?" त्या म्हणाल्या आणि पदर पिळायला लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या बँकेतल्या सातारा-सांगलीच्या लोकांनी प्रवास सवलतीत लक्षद्वीपची सहल ठरवली. कोचीनपर्यंत रेल्वे, तिथून जहाज. जहाज रोज एका बेटाजवळ थांबणार, सकाळी होडीनं बेटावर जायचं, दिवसभर राहायचं आणि संध्याकाळच्या आत जहाजावर परत. एका सहकाऱ्याच्या आईचं येणं रद्द झालं. ती जागा मोकळी आहे असं मी घरी म्हटलं, एवढंच.

"समुद्रात पानी खारट असतंय म्हणं," मालकीणबाई म्हणाल्या. "बघायला पायजे."

आमच्या सहलीची सगळी जबाबदारी शाखेच्या अकाउंटंटसाहेबांवर होती. भला माणूस, पण काळजीनं पोखरलेला. बेटावर उतरायला परवाना लागतो. सगळ्यांचे परवाने त्यांनी स्वतः सही करून घेतले होते. गळ्यात शिट्टी अडकवून ते सातारा स्टेशनपासून माणसं मोजत होते. जहाजावर त्यांनी सगळ्यांना एकत्र करून बजावलं, "बेटावरून शेवटची होडी चारला सुटते. जहाज कुणासाठी थांबत नाही. एक माणूस मागे राहिला तर उत्तर मला द्यावं लागेल, पोलिसांना. नोकरीवर येईल माझ्या. कुठंही जायचं असेल तर मला विचारून जा."

'विचारून' हा शब्द आला तेव्हा मालकीणबाई समुद्राकडे बघायला लागल्या.

जहाज बेटापासून लांबच नांगरलं. होडी खडकांच्या कडेतल्या फटीतून आत शिरली आणि एकदम पाण्याचा रंग बदलला. बाहेर गडद निळं, आत पोपटी. बेटाभोवती प्रवाळाच्या खडकांचं कडं होतं आणि आत शांत, उथळ पाणी. पाण्यातला दगड न् दगड होडीतून दिसत होता. मला खरोखर आत उतरून बघायचं होतं. एवढं पोहायला शिकले ते काय घाटाच्या पायऱ्यांसाठी?

धक्क्यावर सहलवाल्यांचा माणूस काचेचे मुखवटे आणि श्वास घ्यायच्या नळ्या मांडून बसला होता. कमरेएवढ्या पाण्यात दोरी बांधलेली, दोरीच्या आत थोडा वेळ तोंड बुडवून बघायचं, की पुढच्याची पाळी. दर ऐकून आमच्यातले अर्धे लोक शहाळी प्यायला निघून गेले. उरलेल्यांची रांग लागली. मीही रांगेत उभी राहिले.

मालकीणबाईंनी माझ्या कोपराला धरलं. "चल."

"कुठं?"

"स्टँडावरनं बाहीर."

आम्ही नारळीतून किनाऱ्यानं बऱ्याच लांब गेलो, कोळ्यांच्या घरांपर्यंत. एका घरापुढे एक माणूस जाळं दुरुस्त करत होता, त्याची बायको काथ्या वळत होती. भिंतीला दोन मुखवटे टांगले होते, एक नळी. मालकीणबाई काही न बोलता जाळ्याशेजारी बसल्या. पिशवीतून साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा काढून त्या बाईच्या पुढे ठेवला. तिनं एक खाल्ला, नवऱ्याला दिला, आतून सासूला बोलावलं. मालकीणबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. मुखवटे आमच्या हातात आले. असा सौदा मी बँकेत कधी पाहिला नाही.

त्या माणसाला थोडं हिंदी येत होतं. आम्ही निघालो तेव्हा त्यानं सुई खाली ठेवली. "पानी लौटेगा," तो म्हणाला. "दोपहर के बाद लौटेगा. जल्दी आना."

"हमकू पानी का सब मालूम है," मालकीणबाईंनी नवऱ्याकडून शिकलेल्या हिंदीत उत्तर दिलं. "हम नदीवाला है." आणि पुढे गेल्यावर मला म्हणाल्या, "पानी माघारी येतंय म्हणं. येडा हाय."

भरती-ओहोटी मी शाळेत पाठ केली होती, चंद्राच्या आकृतीसकट. तरी मीही हसले. ज्या माणसानं आयुष्यभर कृष्णा पाहिली आहे त्याच्या डोक्यात पाणी एकाच दिशेला जातं. ते वाईकडून येतं आणि सांगलीकडे जातं. ते माघारी वळेल हे कागदावर कळतं, अंगाला कळत नाही.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. खडकांच्या फटीकडून आत, धक्क्याच्या दिशेनं, पाणी संथ सरकत होतं. झालं. फटीजवळ, कोळ्यांच्या वस्तीच्याही पुढे शिरायचं. पाणी आपल्याला अलगद धक्क्यापर्यंत आणून सोडेल. चारच्या होडीला वेळ भरपूर. वरनं पडायचं, खाली निघायचं.

मी नळी तोंडात धरली. मालकीणबाईंनी नळी नाकारली. "नळीनं श्वास घ्यायचा असता तर द्येवानं नळी दिली असती." नुसता मुखवटा लावून त्या बुडी मारायच्या आणि वर येऊन श्वास घ्यायच्या.

खाली जे होतं ते मी नीट सांगू शकणार नाही. कोबीच्या गड्ड्यासारखे खडक, हरणाच्या शिंगांसारखे खडक. लुगड्याच्या काठासारखे पट्टे असलेले मासे माझ्या बोटांमधून जात होते. एक मोठा हिरवा मासा खडकाला तोंड लावून कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज मला पाण्यात ऐकू येत होता. मालकीणबाई माझ्याखालून गेल्या. काष्टा, खाकी चड्डी आणि मुखवट्यामागे वटारलेले डोळे. त्यांनी त्या माशाकडे बोट दाखवलं. हसताना त्यांच्या तोंडातून बुडबुडे निघाले.

किती वेळ गेला कळलं नाही. मग एका मेजासारख्या सपाट खडकावर माझी नजर गेली. तो मी मघाशी मागे टाकला होता. आता तो पुन्हा माझ्याखाली आला आणि पुढे निघून गेला. उलट्या दिशेला.

मी डोकं वर काढलं. धक्का जवळ यायला हवा होता. तो लांब गेला होता. किनाऱ्यावरची नारळीची झाडं एकामागून एक सरकत होती आणि आम्ही फटीकडे चाललो होतो. फटीपलीकडे लाटा फुटत होत्या, पांढऱ्या. त्यांचा आवाज मघाशी नव्हता, किंवा मी ऐकला नव्हता.

"मालकीणबाई! आपण मागे चाललोय!"

त्यांनी वर येऊन पाहिलं. धक्क्याकडे, मग फटीकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या आता सांगतील ते करायचं म्हणून. त्यांना बोलायला काही सुचत नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी सगळं विसरून धक्क्याच्या दिशेनं पोहायला लागले. जोरात. दंड भरून आले, नळीतून पाणी नाकातोंडात गेलं, आणि वर पाहिलं तर मी होते त्याच्याही मागे. नदीला खाली घाट असतो. इथे खाली फक्त ती फट होती, आणि फटीपलीकडे गडद निळं.

"उलटं जाऊ नगंस!" मागून आवाज आला. "आडवी ये! माझ्याकडं, आडवी!"

त्या किनाऱ्याकडे जात नव्हत्या. फटीच्या अलीकडे, बाजूला, एका मोठ्या खडकाचा काळा माथा पाण्याच्या वर यायला लागला होता. तिकडे त्या तिरक्या सुटल्या होत्या. पोचल्या, दोन्ही हातांनी खडक पकडला, वर चढल्या. मीही आडवी वळले. पण मी पार दमले होते. खडक माझ्या हाताच्या टप्प्यात येता येता बाजूनं निघून जायला लागला.

मालकीणबाईंनी लुगडं सोडलं. नऊ वार लुगडं त्यांनी कमरेभोवतून भराभर उलगडलं, पदराच्या टोकाला मुखवटा बांधला आणि खडकावर पाय रोवून ते ओझं माझ्या पुढे फेकलं. पहिल्या खेपेला ते माझ्या मागे पडलं. त्यांनी ओढून घेतलं, पुन्हा फेकलं. माझ्या हाताला ओलं सुती कापड लागलं. मी ते मनगटाभोवती गुंडाळलं.

"नळी सोडू नगंस!" त्या ओरडल्या. "परक्याची हाय!"

मी नळी दातांत धरली. त्या ओढत होत्या; लुगडं ताणलं होतं, कुठेतरी टरकल्याचा आवाजही आला. मी खडकाला आपटले, गुडघे सोलले, आणि वर चढून पालथी पडले.

खडक जेमतेम दोघींपुरता होता. आमच्या आणि किनाऱ्याच्या मधून पाणी फटीकडे नुसतं धावत होतं. मालकीणबाई खाकी चड्डी आणि चोळीवर बसल्या होत्या, लुगड्याचा पीळ मांडीवर. त्यांच्या तळपायातून रक्त येत होतं. पाणी हळूहळू उतरत होतं आणि आमचा खडक वाढत होता. म्हणजे बुडणार नव्हतो. पण लांबून शिट्टी ऐकू आली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. अकाउंटंटसाहेब माणसं मोजत होते आणि दोन कमी भरत होती.

मग जहाजाचा भोंगा वाजला.

मी उभी राहिले, मुखवटा हलवला, ओरडले. एवढ्या लांबून कुणाला काय दिसणार? माझ्या डोळ्यांपुढे सांगलीत राहिलेली मुलगी आली, नवरा आला, आणि खरं सांगायचं तर अकाउंटंटसाहेबांची नोकरीही आली. "चारची होडी गेली तर काय करायचं?" मी विचारलं.

मालकीणबाई धावत्या पाण्याकडे बघत होत्या.

होडी आली ती कोळ्याच्या वस्तीकडून. तोच माणूस, बांबू रोवत, खडक चुकवत. तो दुपारपासून आमच्यावर नजर ठेवून होता की बायकोनं पाठवलं होतं, मला माहीत नाही. त्यानं आम्हाला आत घेतलं, मुखवटे आणि नळी तपासली, आणि एवढंच म्हणाला, "बोला था. पानी लौटेगा."

मालकीणबाई काहीतरी सुनावतील असं मला वाटलं. त्यांनी मान खाली घातली आणि होडीच्या डुगडुगत्या तळावर उभं राहून लुगडं नेसायला घेतलं. ते अर्धं नेसून होईपर्यंत आम्ही धक्क्याला लागलो. शेवटची होडी दोर सोडत होती. अकाउंटंटसाहेब शिट्टी तोंडात धरून धावत आले, खाकी चड्डी दिसली तसे गर्रकन पाठमोरे झाले आणि पाठमोरेच ओरडायला लागले.

"अहो बाई, विचारून जायला काय होतं तुम्हाला? माझ्या तोंडचं पाणी पळालं! एक शब्द! एक शब्द विचारायचा होता!"

"व्हय," मालकीणबाई म्हणाल्या.

तेवढंच. अकाउंटंटसाहेबांनी शिट्टी वाजवून होडी थांबवली.

जहाजावर मी त्यांच्या पायाला आयोडीन लावलं. मी चिडले होते आणि ते त्यांना कळत होतं. मी वाटच पाहत होते. आता त्या म्हणतील, "बुडलीस का?" मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं सणसणीत. त्या रात्री त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. कोचीनला नाहीत, रेल्वेत नाहीत. पुढची दोन्ही बेटं त्यांनी धक्क्यावर शहाळ्यांच्या ढिगाशेजारी बसून पाहिली, सगळे उतरले तिथेच. हे बघायला मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

साताऱ्याला परत आल्यावर पायाची जखम भरेपर्यंत नदी बंद होती. भरली त्या आठवड्यात सकाळी दारावर थाप पडली. मी जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेले.

माहुलीला थंडी होती. आमच्या नेहमीच्या जागेशी एक म्हातारा म्हैस धूत होता. रोजचाच; त्यांची बोलण्याची ओळख नव्हती. मी काष्टा खोचून उभी राहिले. मालकीणबाई पाण्याशी गेल्या, पायाचा अंगठा बुडवला आणि थांबल्या. मग त्या म्हाताऱ्याकडे वळल्या.

"काय बाबा," त्या म्हणाल्या, "आज पानी कुनीकडं चाललंय?"

म्हाताऱ्यानं म्हशीच्या पाठीवरचा हात थांबवला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेष्टा असावी असं त्याला वाटलं, पण मालकीणबाई उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.

"आवं बाई, कुनीकडं म्हंजी?" तो म्हणाला. "कालच्यागतच. खाली, सांगलीकडं."

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या आणि पाण्यात शिरल्या.